दम्याची ओळख चित्रांतून: शाळेतील कलेच्या तासासाठी मार्गदर्शन

दमा हा मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या दीर्घकालीन आजारांपैकी एक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगभरात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी साडेचार लाखांहून अधिक मृत्यू त्यामुळे झाले. तरीही आपल्या शाळांत या आजाराची ओळख बहुधा विज्ञानाच्या पुस्तकातील श्वसनसंस्थेच्या आकृतीपाशीच थांबते. वर्गात एखादे मूल रात्रभराच्या खोकल्यामुळे पेंगत असते, पीटीच्या तासाला मागे राहते, पावसाळ्यात वारंवार गैरहजर असते. शेजारच्या मुलाला वाटते की याचा आजार आपल्याला लागेल, आणि शिक्षकाला वाटते की हा टाळाटाळ करतो आहे.

कलेच्या तासाचा उपयोग येथे दोन प्रकारे होतो. दम्याविषयी मुलाच्या मनात आधीपासून काय बसले आहे ते चित्रातून शिक्षकाला दिसते, आणि छातीच्या आत घडणारी, डोळ्यांना न दिसणारी गोष्ट मुलाला स्वतःच्या हातांनी घडवून पाहता येते. यांतला पहिला उपयोग अधिक महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच शाळांमध्ये वगळला जातो. घोषवाक्यांच्या भित्तिपत्रक स्पर्धेला या मार्गदर्शनात जवळजवळ स्थान दिलेले नाही, त्याचे कारणही हेच. फळ्यावरचे घोषवाक्य सुबक अक्षरात उतरवून त्याभोवती वेलबुट्टी काढणाऱ्या मुलाला दमा कळला की नाही, हे त्या कागदावरून कधीच समजत नाही.

कलेकडून कोणती अपेक्षा ठेवावी, हेही आरंभीच स्पष्ट असावे. अमेरिकेतील डेन्व्हर येथील नॅशनल ज्युइश हेल्थ या श्वसनरोगांसाठी प्रसिद्ध असलेल्या रुग्णालयात दमा असलेल्या २२ मुलांचा एक अभ्यास झाला आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्या मुलांनी आठवड्यातून एक तास याप्रमाणे सात आठवडे प्रशिक्षित कलोपचारतज्ज्ञाबरोबर काम केले आणि त्यांची आजाराविषयीची चिंता इतरांच्या तुलनेत कमी झाल्याचे आढळले. अभ्यास लहान आहे आणि ते उपचार होते. शाळेतील चित्रकलेचे शिक्षक उपचारक नसतात आणि त्यांनी तसे होऊही नये. शाळेचे उद्दिष्ट समज वाढवणे एवढेच असावे. चित्रात खोल भीती किंवा घरातील एखादी गंभीर गोष्ट दिसली, तर तिचा अर्थ स्वतः लावत न बसता पालकांशी आणि डॉक्टरांशी बोलावे.

सुरुवात करण्यापूर्वी

दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जागतिक दमा दिन पाळला जातो, परंतु त्या वेळी महाराष्ट्रातील बहुतेक शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. तारखेचा आग्रह सोडून हा उपक्रम जुलैमध्ये घ्यावा. शाळा सुरू होऊन मुले एकत्र आलेली असतात, सर्दी-खोकल्याची साथ फिरू लागते, भिंतींना ओल येते, आणि विषय मुलांच्या समोरच असतो. दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडाही फटाक्यांच्या धुरामुळे सोयीचा ठरतो. पाचवी ते आठवीच्या वर्गांसाठी चार तास पुरेसे आहेत. तिसरी-चौथीसाठी पुढे दिलेल्यापैकी पहिला आणि शेवटचा तास घ्यावा.

वर्गात दमा असलेली मुले कोण आहेत, हे वर्गशिक्षकांना ठाऊक असावे, पण वर्गापुढे ते उच्चारू नये. अनेक घरांत, विशेषतः मुलीच्या बाबतीत, पुढे लग्न जमताना अडचण येईल या धास्तीने आजाराचे नावच घेतले जात नाही. 'कफाची तक्रार आहे', 'ॲलर्जी आहे' असे शाळेला सांगितले जाते. म्हणून पालकांना आधी एक साधी चिठ्ठी पाठवावी: वर्गात श्वासाच्या आजारांविषयी कलेतून शिकवणार आहोत, कोणत्याही मुलाला स्वतःबद्दल बोलण्यास सांगितले जाणार नाही, आणि मुलाला दम्याचे औषध सुरू असल्यास त्याची माहिती बंद पाकिटात द्यावी. वर्गात चर्चा करायची ती एका काल्पनिक पात्राची. त्याचे नाव, गाव, आवडता खेळ वर्गानेच ठरवावा, मात्र वर्गातील कोणाचे नाव त्याला देऊ नये. दमा असलेल्या एखाद्या मुलाने आपणहून स्वतःचा अनुभव सांगितला तर तो ऐकावा. त्याला उभे करून 'आता हा सांगेल' असे म्हणणे, हेतू कितीही चांगला असला तरी, टाळावे.

साहित्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण दम्यावरच्या कलातासातच एखाद्या मुलाला धाप लागावी यासारखी विसंगती नाही. रांगोळी, कोरडे रंगीत खडू, लाकडाचा भुसा, पिसे, कापूस पिंजण्याचे काम आणि उग्र वासाचे ऑइल पेंट, स्प्रे रंग, थिनर व रबर सोल्युशन वापरू नये. मेणाचे खडू, रंगीत पेन्सिली, जलरंग, ओली शाडू माती आणि पांढरा पाण्यात मिसळणारा गोंद पुरेसा आहे. शाडू ओली असेपर्यंत निरुपद्रवी असते, पण वाळून तिची भुकटी उडते. म्हणून काम संपताच बाके ओल्या फडक्याने पुसावीत, झाडू फिरवू नये. खोलीच्या खिडक्या उघड्या असाव्यात आणि उदबत्ती लावून उद्घाटन करण्याचा मोह आवरावा.

पहिला तास: काहीही न शिकवता

या तासाला दम्याविषयी एक अक्षरही सांगू नये. प्रत्येक मुलाला कोरा कागद द्यावा आणि एवढेच म्हणावे: 'ज्याला दमा आहे अशा एका मुलाचे चित्र काढा. दम लागतो तेव्हा त्याच्या शरीरात काय होत असेल, ते दाखवा. बाजूला दोन-तीन वाक्ये लिहा.' नाव लिहिण्याची सक्ती नसावी. मुले विचारतील की फुप्फुसे कशी काढायची. त्यावर 'तुला वाटतात तशी' एवढेच उत्तर द्यावे. पुस्तकातील आकृती पाहून काढू देऊ नये. पंचवीस मिनिटांनी कागद गोळा करावेत, गुण देऊ नयेत, भिंतीवर लावू नयेत.

खरे काम यानंतर शिक्षककक्षात सुरू होते. कागद पसरून वाचावेत आणि चित्राच्या सुबकतेकडे पूर्ण दुर्लक्ष करावे. श्वास कोठे दाखवला आहे? अनेक मुले हवा थेट पोटात जाताना दाखवतात, काही हृदयाचा बदामी आकार काढून तेथे त्रास दाखवतात, तर काही दोन फुप्फुसे काढतात पण त्यांना जोडणाऱ्या नळ्या काढत नाहीत. यांतली शेवटची चूक सर्वांत महत्त्वाची आहे, कारण दमा हा मुख्यतः त्या नळ्यांचाच आजार आहे. आजारी मूल एकटे आहे की त्याच्याभोवती कोणी आहे? आजूबाजूच्या मुलांनी तोंडाला रुमाल लावला असेल, तर आजार संसर्गजन्य असल्याची समजूत वर्गात आहे, असे समजावे. मूल अंथरुणाला खिळलेले, खेळापासून दूर खिडकीत बसलेले दाखवले आहे काय? औषध म्हणून काय काढले आहे: गोळी, सुई, वाफ, काढा, की पंप? इनहेलरला आपल्याकडे सर्रास पंप म्हणतात आणि 'पंपाची सवय लागते' हे वाक्य मुलांच्या लिखाणात येण्याची दाट शक्यता असते, कारण घरोघरी ते बोलले जाते.

मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादला दम्यावर जिवंत मासा गिळायला देतात. महाराष्ट्रातूनही तेथे लोक जातात, त्यामुळे एखाद्या चित्रात मासाही आढळेल. त्याची थट्टा करू नये. त्या उपायाने दमा बरा होतो याला वैज्ञानिक पुरावा नाही, आणि कोणत्याही कारणाने डॉक्टरांचे औषध मध्येच बंद करणे धोक्याचे असते, हे दोन मुद्दे पुढच्या तासांत शांतपणे सांगावेत. मुलाच्या घराला खोटे पाडले की मूल ऐकणे थांबवते.

या वाचनातून वर्गाच्या तीन-चार ठळक गैरसमजांची यादी तयार होते आणि पुढील तासांचा भर तिच्यावरून ठरतो. ज्या वर्गाला नळ्या ठाऊकच नाहीत, त्या वर्गाला दुसऱ्या तासासाठी दुप्पट वेळ द्यावा. ज्या वर्गाला आजार लागण्याची भीती आहे, तेथे आधी ती दूर करावी.

दुसरा तास: श्वासाची नळी घडवणे

फुप्फुसांतील श्वासनलिका एखाद्या झाडासारख्या फांद्यांमागून फांद्या फुटत बारीक होत जातात. वर्गात चार-चार मुलांचे गट करून प्रत्येक गटाला जाड कागदाच्या तीन सारख्या नळ्या गुंडाळायला लावाव्यात. पहिली नळी मोकळी ठेवायची; ती निरोगी. दुसऱ्या नळीच्या आतील बाजूने लाल किंवा गुलाबी कापडाचा पातळ थर चिकटवायचा. ही दमा असलेल्या, पण आज बरे वाटणाऱ्या मुलाची नळी. तिसऱ्या नळीत कापडाचा जाड थर द्यायचा, त्यावर गोंदाचा चिकट लेप लावायचा आणि बाहेरून लोकरीचा धागा आवळून बांधायचा, म्हणजे नळी चिमटली जाते. झटक्याच्या वेळी होणारे तिन्ही बदल यात येतात: आतील अस्तराला सूज येते, चिकट कफ वाढतो आणि नळीभोवतीचे स्नायू आवळले जातात.

दुसऱ्या नळीवर शिक्षकांनी मुद्दाम रेंगाळावे. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या मुलाच्या नळीतही सूज शिल्लक असू शकते, ही गोष्ट या नमुन्याखेरीज इतक्या सहज पटत नाही, आणि औषधे दोन प्रकारची का असतात याचे उत्तर तिच्यात आहे. धागा सोडवणारे औषध काही मिनिटांत काम करते, त्याचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो आणि ते त्रासाच्या वेळी घ्यायचे असते. सूज उतरवणारे औषध डॉक्टरांनी सांगितले असेल तोवर रोज घ्यावे लागते, बरे वाटत असतानाही. मुलांनी तिसऱ्या नळीचा धागा स्वतः सोडून पाहावा: नळी थोडी उघडते, पण कापड तसेच राहते. फक्त तात्पुरत्या औषधावर का भागत नाही, हे त्यांना आता निराळे सांगावे लागत नाही. 'सवय लागते' या समजुतीलाही येथेच उत्तर देता येते: रोज औषध घ्यावे लागते ते सूज रोज असते म्हणून, औषधाचे व्यसन लागले म्हणून नव्हे.

सातवी-आठवीच्या मुलांकडून नळ्यांचे आडवे छेदही काढून घ्यावेत. कंपासने मोठे वर्तुळ काढून त्याच्या आत, निम्म्या व्यासाचे दुसरे वर्तुळ काढायचे. हवेचा प्रवाह सुरळीत आहे असे गृहीत धरले, तर व्यास निम्मा होताच प्रवाहाला होणारा विरोध सोळापट वाढतो. गणिताच्या शिक्षकांना या तासाला बोलावण्यासारखे हे उदाहरण आहे.

अरुंद स्ट्रॉमधून नाक धरून श्वास घ्यायला लावण्याचा प्रयोग अनेक ठिकाणी केला जातो. तो टाळावा, ज्याला दमा आहे पण ज्याने तो सांगितलेला नाही, अशा मुलाला त्याचा त्रास होऊ शकतो. त्याऐवजी प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडाला आधी रुंद नळी व मग बारीक स्ट्रॉ घट्ट बसवून बाटली दाबावी आणि समोरचे कागदाचे कपटे किती वेगाने हलतात ते पाहावे. बारीक स्ट्रॉ असताना बाटली रिकामी व्हायला किती जोर लावावा लागतो, ते हाताला जाणवते. दम्यात हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अधिक अवघड जाते आणि छातीतील शिट्टीसारखा आवाज प्रामुख्याने श्वास सोडताना येतो, ही माहिती येथे द्यावी. पुढच्या चित्रांत आत जाणारी हवा एका रंगाच्या बाणाने आणि बाहेर येणारी दुसऱ्या रंगाच्या बाणाने दाखवायला सांगावी.

याच तासाचा एक जोड भाग म्हणजे स्पेसरची प्रतिकृती. पंपातून उडालेले औषध थेट तोंडात मारले तर त्याचा बराच भाग घशातच चिकटतो. मध्ये पोकळ भांडे, म्हणजेच स्पेसर, ठेवून सावकाश श्वास घेतला तर ते नळ्यांपर्यंत अधिक पोचते. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाचशे मिलिलिटरच्या साध्या प्लास्टिकच्या बाटलीपासून नीट बनवलेला स्पेसर मुलांच्या झटक्यात विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला होता. मुलांना ही गोष्ट फार आवडते. तरीही वर्गात केलेली बाटली फक्त दाखवण्यापुरती वापरावी. औषध देण्यासाठी मुलाचा स्वतःचा स्पेसर हवा.

तिसरा तास: शाळेचा नकाशा

एका मोठ्या कागदावर शाळेचा आराखडा काढून गटागटाने आवारात फिरावे आणि श्वासाला त्रासदायक ठरू शकणाऱ्या जागा रंगांनी नोंदवाव्यात: धुळीसाठी तपकिरी, धुरासाठी करडा, ओल व बुरशीसाठी हिरवा, परागकणांसाठी पिवळा, उग्र वासासाठी जांभळा. फळ्याखालची खडूची भुकटी, ओल आलेली वाचनालयाची भिंत, मैदानाच्या कडेचे गाजरगवत, मागच्या बाजूला पालापाचोळा जाळण्याची जागा, स्वच्छतागृहातील ॲसिडचा वास, मुंबई-पुण्याकडे गच्चीवरची कबुतरे, ऊसपट्ट्यात हंगामात पाचट पेटवल्याचा धूर, असे प्रत्येक शाळेचे निरनिराळे चित्र तयार होते आणि ते मुलांनी स्वतः शोधलेले असते.

दोन गोष्टी मात्र शिक्षकांनी सांगाव्या लागतात. प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीचा त्रास होत नाही. एकाला धूळ बाधते, दुसऱ्याला थंड हवा. आणि मुलांमध्ये झटका येण्यामागे सर्वांत नेहमीचे कारण साधी सर्दी हे असते, जे कोणत्याच नकाशावर दिसत नाही. सर्दी लागते, दमा लागत नाही, हा फरक येथे निःसंदिग्धपणे सांगावा.

तयार नकाशा मुलांनी मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला दाखवावा. मागण्या थोड्या आणि करता येण्याजोग्या असाव्यात: फळा ओल्या फडक्याने पुसणे, वर्गांची झाडलोट मुले घरी गेल्यावर करणे, पाचोळा जाळण्याऐवजी खड्ड्यात टाकणे, गाजरगवत फुलण्यापूर्वी काढणे आणि ते काढण्याचे काम मुलांना न देणे. जे झाले त्या जागेवर मुलांनी नकाशात नवा रंग भरावा. जे झाले नाही तेही नकाशावर तसेच दिसू द्यावे.

चौथा तास: झटका आला तर

येथे चित्रपट्टी काढायची असते. कागदाचे सहा चौकोन करून काल्पनिक पात्राला खो-खो खेळताना धाप लागल्यापासून पुढची गोष्ट मुलांनी रंगवावी. संवाद कमी आणि कृती नेमक्या असाव्यात. त्याला बसवले आहे, आडवे केलेले नाही. भोवतीची गर्दी दूर झाली आहे. एक मित्र त्याच्याजवळ आहे, दुसरा शिक्षकांना बोलवायला धावला आहे. गळ्याजवळचे बटण सैल केले आहे. शिक्षकांनी पंप हलवून स्पेसरला जोडला आहे.

मुलाच्या डॉक्टरांनी लेखी सूचना दिल्या असतील तर त्याच पाळाव्यात. नसतील तर ऑस्ट्रेलियात शिकवली जाणारी पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे: त्वरित आराम देणाऱ्या औषधाचा एक दाब स्पेसरमध्ये, त्यावर चार श्वास, असे एकामागून एक चार दाब, मग चार मिनिटे थांबणे, आराम नसेल तर पुन्हा चार दाब, तरीही आराम नसेल तर १०८ वर फोन आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हाच क्रम. मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा बरगड्यांमधील कातडी आत ओढली जात असेल, तर वाट न पाहता लगेच १०८ ला कळवावे. शिट्टीचा आवाज बंद झाला पण मूल गळून गेले आहे, ही सुधारणा नसते. हवा आत-बाहेर होणेच कमी झाल्याचे ते लक्षण असू शकते. धोक्याची ही लक्षणे दाखवणारा चौकोन प्रत्येक चित्रपट्टीत असावा, असा आग्रह शिक्षकांनी धरावा.

सहावा चौकोन सर्वांनी निरनिराळा काढावा: बरे वाटल्यावर काय? बहुतेक मुले पात्राला घरी पाठवतील किंवा कायमचे प्रेक्षकांत बसवतील. तेव्हा सांगावे की दमा आटोक्यात असेल तर खेळ बंद करण्याचे कारण नसते; आधी हळूहळू अंग गरम करणे आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तर खेळापूर्वी औषध घेणे पुरते. ब्रिटनच्या धावपटू पॉला रॅडक्लिफ यांना किशोरवयापासून दमा होता आणि २००३ साली लंडन मॅरेथॉनमध्ये त्यांनी २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. एवढे ऐकल्यावर शेवटचा चौकोन पुन्हा काढण्याची मुभा द्यावी. चित्रपट्ट्यांवरून बाहुल्यांचा छोटा खेळ बसवून परिपाठात सादर करता येतो, पण वेळ नसेल तर तो गाळला तरी चालेल.

उपक्रमानंतर

साधारण तीन आठवड्यांनी पहिल्या तासाचीच सूचना जशीच्या तशी देऊन पुन्हा चित्र काढून घ्यावे आणि दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून पाहावेत. नळ्या आल्या आहेत का, पात्राच्या जवळ कोणी उभे आहे का, औषध कोठे जाताना दाखवले आहे. जो गैरसमज दुसऱ्या गठ्ठ्यातही टिकून राहिला, तो नीट शिकवला गेला नाही असे समजून त्यावर आणखी एक तास घ्यावा.

पालकसभेत नळ्यांचे नमुने आणि चित्रपट्ट्या नावांशिवाय मांडाव्यात आणि समजावून सांगण्याचे काम मुलांकडे द्यावे. त्याच सभेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची माहिती द्यावी. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या या कार्यक्रमाची पथके शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा मुलांची तपासणी करतात आणि तपासल्या जाणाऱ्या आजारांच्या यादीत श्वासनलिका आकुंचन पावण्याचा आजारही आहे. वारंवार रात्री खोकणाऱ्या किंवा धावल्यावर खोकला येणाऱ्या मुलांची नावे वर्गशिक्षकांनी पथक येण्यापूर्वीच, पालकांना कळवून, वेगळी काढून ठेवावीत.

एक चित्रपट्टी मोठी करून शिक्षककक्षात आणि एक क्रीडासाहित्याच्या खोलीत लावावी. मुलांचे पंप कुलपात ठेवू नयेत. ते कोठे आहेत हे शिपाईदादांपासून पीटीच्या सरांपर्यंत सर्वांना माहीत असावे. दर जूनमध्ये पंपावरील मुदतीची तारीख आणि डॉक्टरांच्या लेखी सूचना नव्याने तपासाव्यात, आणि मूल पुढच्या वर्गात गेले की त्याचे बंद पाकीट नव्या वर्गशिक्षकांच्या हाती द्यावे.